मनोऱ्याखालची दोन गुंठे जमीन

(पक्षाच्या जिल्हा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या माझ्या विषयाचे शीर्षक कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. बिनतारी उद्योगातील फेरबदल आणि मनोऱ्यासाठी जागा देणारे मालक! ज्या पक्षाने कुळांची, शेतमजुरांची, फूटपाथवर राहणाऱ्यांची बाजू घेतली, त्याने भाडे घेणाऱ्या मालकाची कैफियत मांडावी काय, असा प्रश्न सकाळी चहाच्या वेळी एका साथीने मला विचारलाही. प्रश्न रास्त आहे. त्याला बगल देण्याचा माझा विचार नाही. परंतु उत्तर देण्यापूर्वी हा मालक कोण आणि त्याचा भाडेकरू कोण, हे पाहून घेतले पाहिजे.

मोबाईलचा मनोरा उभा राहतो तो बहुधा कोणा शेतकऱ्याच्या बांधालगतच्या दीड-दोन गुंठ्यांवर, नाहीतर शहरातल्या एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवर. जागामालक करार करतो तो मनोरा कंपनीशी. ही कंपनी लोखंडी सांगाडा, बॅटऱ्या, डिझेलचे जनित्र आणि विजेची जोडणी यांची व्यवस्था करते, आणि त्या सांगाड्यावर आपापले अँटेना टांगण्याची जागा दूरसंचार कंपन्यांना भाड्याने देते. म्हणजे येथे भाड्यावर भाडे आहे. एका मनोऱ्यावर एकच कंपनी असली तर मनोरा कंपनीचा खर्च जेमतेम निघतो. दुसरी आली, तिसरी आली की वाढीव भाडे जवळजवळ निव्वळ नफा असते, कारण सांगाडा तोच, कुंपण तेच, जमीनही तीच. जमीनमालकाला मात्र वर एक अँटेना असो वा चार, करारातील ठरीव रक्कमच मिळते. या धंद्यातील सारे गणित एका मनोऱ्यावर सरासरी किती भाडेकरू बसले यावर चालते, आणि त्या गणितात जमीन हा सर्वांत स्वस्त आकडा असतो.

आता इतिहास थोडक्यात पाहू. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून ज्योती बसूंनी दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलून या देशातील मोबाईल सेवेचा आरंभ केला. (डाव्या मुख्यमंत्र्याच्या हातून खाजगी दूरध्वनीचे उद्घाटन व्हावे, हा इतिहासाचा विनोद तुम्ही आपापल्या परीने समजून घ्यावा.) पुढे २००८ च्या सुमारास परवान्यांची खिरापत झाली, आणि एकेका परिमंडळात दहा-दहा, बारा-बारा कंपन्या उतरल्या. प्रत्येकीला घाईने जाळे उभे करायचे होते. गावोगाव दलाल फिरू लागले. २००७ मध्ये भारती, व्होडाफोन व आयडिया यांनी मिळून इंडस टॉवर्स स्थापन केली. २०१० मध्ये जीटीएल इन्फ्रास्ट्रक्चरने एअरसेलचे सुमारे १७,५०० मनोरे ८,४०० कोटी रुपयांच्या आसपास किमतीला घेतले. ज्याच्या कोरडवाहू तुकड्यातून वर्षाला चार पोती ज्वारी निघत नव्हती, त्याला दर महिन्याला बँकेत पैसे जमा होताना दिसू लागले. त्या भरवशावर कोणी ट्रॅक्टरचे हप्ते बांधले, कोणी मुलीला अभियांत्रिकीला घातले, कोणी सोसायटीचे थकलेले कर्ज नवे-जुने केले.

मग उलटा फेरा सुरू झाला. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. परवाने बेकायदा दिले गेले होते, निर्णय योग्यच होता. पण त्या परवान्यांच्या भरवशावर बांधलेल्या मनोऱ्यांखालच्या जमिनींचे काय, हा प्रश्न त्या खटल्यात कोणाच्याच वकिलाने उभा करण्याचे कारण नव्हते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात आली आणि फुकटाच्या दराने स्पर्धा सुरू झाली. डिसेंबर २०१७ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सने आपली मोबाईल सेवा गुंडाळली. फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस एअरसेलने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी टेलिनॉर एअरटेलमध्ये विलीन झाली, ऑगस्टअखेर व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, आणि २०१९ मध्ये टाटांचा मोबाईल व्यवसाय एअरटेलकडे गेला. डझनभर कंपन्यांच्या जागी तीन खाजगी आणि एक सरकारी एवढाच पसारा उरला. दोन कंपन्या एक झाल्या म्हणजे एकाच गावात त्यांचे दोन मनोरे कशाला हवेत? एक ठेवायचा, दुसरा सोडायचा. कोणता सोडायचा हे मुंबईच्या किंवा गुडगावच्या कार्यालयात नकाशावर ठरते. ज्याच्या शेतात तो उभा आहे त्याला ते नोटीस आल्यावर कळते, आणि कित्येकदा भाडे यायचे थांबल्यावर.

विलीनीकरणाचा ताप मनोरा कंपन्यांनाही झाला, हे मी नाकारत नाही. एअरसेल बुडाल्यावर जीटीएलचा एक मोठा भाडेकरूच नाहीसा झाला. परंतु मोठ्यांनी आपल्या बचावाची सोय आधीच केलेली असते. दूरसंचार कंपनीने मुदतीपूर्वी मनोरा सोडला तर मनोरा कंपनीला निर्गमन शुल्क द्यावे, असे त्यांच्या आपसातील करारात असते. व्होडाफोन-आयडियाच्या विलीनीकरणानंतर अशा शुल्काच्या रकमा मनोरा कंपन्यांच्या हिशेबपत्रकांत छापून आल्या आहेत. आता त्याच मनोऱ्याखालचा करार उघडून पाहा. मुदत दहा, पंधरा, कधी वीस वर्षे. मालकाला मध्येच जागा परत मागता येत नाही. कंपनीला मात्र एक, दोन किंवा तीन महिन्यांच्या नोटिशीने केव्हाही निघून जाता येते, आणि जाताना मालकाला काही देणे लागत नाही. हिशेबासाठी समजा, महिना आठ हजार भाडे आहे आणि वीस वर्षांपैकी बारा वर्षे उरलेली आहेत. भाडेवाढ बाजूला ठेवली तरी शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे साडेअकरा लाख रुपये असतात. कंपनीच्या दृष्टीने तिची बांधिलकी चोवीस हजारांची आहे. एकाच कागदावर दोघांच्या सह्या आहेत. एकाने त्यात वीस वर्षे वाचली आहेत, दुसऱ्याने तीन महिने लिहिले आहेत.

कंपनी निघून गेली म्हणजे जमीन मोकळी झाली असेही नाही. सिमेंट-काँक्रीटचा पाया जमिनीत राहतो. सांगाडा काढून नेण्याची जबाबदारी करारात असली तरी तिच्यासाठी अनामत ठेवलेली नसते. दिवाळखोर कंपनीचा गंजता मनोरा शेतात उभा राहतो, भंगारवाले रात्री येऊन सुटे भाग काढून नेतात आणि चोरीची चौकशी मालकाकडे होते.

दिवाळखोरीविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण मालकाची खरी कोंडी तेथे होते. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार एखाद्या कंपनीविरुद्ध प्रक्रिया सुरू झाली की स्थगिती लागू होते. या स्थगितीच्या काळात कंपनीच्या ताब्यात असलेली जागा तिच्या मालकालाही परत घेता येत नाही, अशी स्पष्ट तरतूद त्या संहितेच्या चौदाव्या कलमात आहे. थकलेल्या भाड्यासाठी मालकाने दावा दाखल करावा. पण मालमत्तेच्या वाटपात तारण असलेल्या बँका पुढे आणि तो मागे. रिलायन्स इन्फ्राटेलच्या सुमारे ४३,००० मनोऱ्यांचे प्रकरण असेच वर्षानुवर्षे चालले आणि डिसेंबर २०२२ मध्ये जिओच्या एका कंपनीने ते ३,७२० कोटी रुपयांना घेतले तेव्हा संपले. दर मनोऱ्यामागे नऊ लाखांहून कमी रक्कम पडली. त्या किमतीची वाटणी बँकांनी आपसात कशी करायची यावर न्यायालयांत वाद झाले. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने आठ-दहा महिन्यांच्या भाड्यासाठी मुंबईच्या न्यायाधिकरणात वकील उभा करावा, अशी अपेक्षा कायदा गंभीरपणे करतो की चेष्टेने, हे मला अद्याप कळलेले नाही.

दूरसंचार कंपन्या कमी झाल्या, तशा मनोरा कंपन्याही कमी झाल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये इंडस व भारती इन्फ्राटेल एक झाल्या, आणि २०२४ च्या अखेरीस इंडस ही एअरटेलचीच उपकंपनी बनली. दुसरीकडे जिओचे मनोरे २०२० मध्ये कॅनडाच्या ब्रुकफील्ड या गुंतवणूकदार संस्थेने आपल्या न्यासामार्फत २५,२१५ कोटी रुपये गुंतवून घेतले. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकन टॉवर कंपनीचा भारतातील व्यवसायही तिच्याकडे गेला. इंडसकडे अडीच लाखांच्या आसपास आणि या न्यासांकडेही अडीच लाखांच्या आसपास मनोरे आहेत. ज्या शेतकऱ्याकडे पंधरा वर्षांपूर्वी चार दलाल येऊन एकमेकांवर बोली चढवीत होते, त्याच्यापुढे आज दोनच गिऱ्हाईके आहेत, आणि शेजारच्या गटात दुसऱ्या गिऱ्हाइकाचा मनोरा आधीच उभा आहे. मुदत संपली की पत्र येते: भाडे कमी करा, वाढीची अट काढून टाका, नाहीतर आम्ही जागा बदलू. शेतकऱ्याला हे पत्र धमकी आहे की वस्तुस्थिती, हे तपासण्याचे कोणतेही साधन नाही. त्याच्या मनोऱ्यावर किती कंपन्या आहेत, त्या किती भाडे देतात, तो मनोरा जाळ्यात किती महत्त्वाचा आहे, यांपैकी एकही गोष्ट कंपनीने त्याला सांगण्याचे बंधन नाही.

हे केवळ आपल्याकडचे दुखणे नव्हे. अमेरिकेत १ एप्रिल २०२० रोजी टी-मोबाईल व स्प्रिंट या कंपन्या एक झाल्या आणि हजारो ठिकाणांहून यंत्रसामग्री उतरविण्यात आली. तेथे तर भाडेकपातीची पत्रे पाठविणे हाच काही सल्लागार कंपन्यांचा व्यवसाय आहे. दुसऱ्या काही कंपन्या मालकाला एकरकमी पैसे देऊन पुढील पन्नास वर्षांचे भाडे विकत घेतात. अडचणीतला माणूस सही करतो. ब्रिटनने त्याहून पुढची पायरी गाठली. तेथे डिसेंबर २०१७ पासून नवी दूरसंचार संहिता अमलात आली. जागेचे भाडे ठरविताना ती जागा दूरसंचारासाठी वापरली जाणार आहे ही गोष्टच विचारात घ्यायची नाही, असा नियम तिच्यात घातला गेला. डोंगरमाथ्यावरच्या मनोऱ्याचे भाडे ठरवायचे ते तेथे मेंढ्या चरत आहेत असे समजून! वर्षाला हजारो पौंडांची भाडी शेकड्यांवर आणण्याच्या मागण्या शेतकऱ्यांपुढे, गावच्या क्रीडामंडळांपुढे, चर्चच्या विश्वस्तांपुढे येऊन पडल्या. देशाला वेगवान जाळे हवे म्हणून हा त्याग मागितला गेला. वाचलेला पैसा जाळ्यात गेला की भागधारकांकडे, याचा हिशेब देण्याची सक्ती मात्र त्या संहितेने कंपन्यांवर केली नाही.

ब्रिटनचे उदाहरण मी मुद्दाम दिले, कारण आपला २०२३ चा दूरसंचार कायदा त्याच दिशेने तोंड करून उभा आहे. १८८५ च्या तार कायद्याने तारा नेण्यासाठी आणि खांब रोवण्यासाठी कोणाच्याही जमिनीचा वापर करण्याचा अधिकार सत्तेला दिला होता. ती वसाहतवादी सत्ता होती. स्वातंत्र्यानंतर तोच अधिकार लोकनियुक्त शासनाकडे आला, आणि तार-टेलिफोन खाते जनतेचे असल्यामुळे त्याला काही नैतिक आधार होता. नव्या कायद्याने मार्गाधिकाराची ही कल्पना खाजगी कंपन्यांसाठी सविस्तर बांधून दिली. खाजगी जमिनीच्या बाबतीत कंपनीने मालकाशी करार करावा. तो झाला नाही आणि सार्वजनिक हितासाठी आवश्यक आहे असे केंद्र सरकारला वाटले, तर तो हक्क मिळवून देता येईल, अशी त्यात तरतूद आहे. १ जानेवारी २०२५ पासून त्याखालील नियमही लागू झाले. करार झाला नाही तर सरकार आहे, हे ज्या कंपनीला माहीत आहे तिच्याशी शेतकरी करार करायला बसतो तेव्हा ती घासाघीस कोणत्या प्रकारची असेल?

याच कायद्यात आणखी एक कलम आहे, त्याकडे ग्रामपंचायतींत काम करणाऱ्या साथींनी लक्ष द्यावे. जमिनीवर उभारलेले जाळे हे त्या मालमत्तेचा भाग मानले जाणार नाही, मालमत्ता कराच्या प्रयोजनासाठीही नाही, असे ते सांगते. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात मोबाईल मनोऱ्यांवर मालमत्ता कर बसविण्याचा अधिकार उचलून धरला होता. त्या निकालाने स्थानिक संस्थांच्या हाती जे आले, ते या कलमाने काढून घेण्याचा मार्ग मोकळा झाला आहे. ज्या गावात पाणीपट्टी आणि घरपट्टीखेरीज उत्पन्नाचे साधन नाही, तेथे मनोऱ्याचा कर ही किरकोळ बाब नसते.

आता सकाळच्या प्रश्नाकडे येतो. भाडे हे अनर्जित उत्पन्न आहे, श्रमाचे नव्हे, हे आपले तत्त्व मला मान्य आहे. परंतु आपण कूळकायदा मागितला तो भाडेकरू हा शब्द आपल्याला प्रिय होता म्हणून नव्हे. १९४८ च्या कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनाने कुळाला संरक्षण दिले, कारण त्या नात्यात कूळ दुबळे होते आणि जमीनदार सबळ. येथे नाते नेमके उलटे आहे. जमीनदाराच्या जागी दोन गुंठ्यांचा धनी आहे, आणि कुळाच्या जागी परदेशी भांडवलाचा न्यास. ही उलथापालथ आपल्या विधिमंडळाच्याही ध्यानात आलेली होती. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असणाऱ्या कंपन्यांना भाडेकरू म्हणून मिळणाऱ्या संरक्षणातून वगळले. धनदांडग्या भाडेकरूला गरिबाचे कवच देऊ नये, हे तत्त्व पंचवीस वर्षांपूर्वी येथे कायद्यात लिहिले गेले. दिल्लीने आता त्याच भाडेकरूला सरकारचा दंडुका दिला आहे.

गृहनिर्माण संस्थांबद्दल मी थोडेच बोलेन. तेथे गच्चीवरच्या मनोऱ्याच्या भाड्यातून लिफ्टची दुरुस्ती होते, रखवालदाराचा पगार निघतो, आणि वरच्या मजल्यावरचे कुटुंब किरणोत्सर्गाच्या भीतीने दर सर्वसाधारण सभेत भांडते. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एकदशांशावर आणली आहे. भीतीला उत्तर मोजमापाने द्यावे, अफवेने नव्हे. संस्थेची स्थिती शेतकऱ्यापेक्षा बरी असते, कारण तिच्यात एखादा निवृत्त कारकून तरी करार वाचणारा निघतो. मात्र १ ऑक्टोबर २०२२ रोजी पाचव्या पिढीची सेवा सुरू झाल्यापासून दाट वस्तीत दिव्याच्या खांबांवर, बसथांब्यांवर लहान यंत्रे बसविण्याची सोय नियमांनी केली आहे. गच्चीचे भाडे कायमचे आहे असे समजून देखभालीचे शुल्क कमी ठेवणाऱ्या संस्थांनी याचा विचार केलेला बरा.

मग आपली मागणी काय असावी? मनोरे हटवू नका, असे आपण म्हणू शकत नाही. एका गावात चार कंपन्यांचे चार मनोरे हा स्पर्धेच्या नावाने झालेला राष्ट्रीय अपव्यय होता. त्यात गेलेले लोखंड, डिझेल आणि बँकांचा पैसा अखेर जनतेचाच. एकच सामायिक जाळे, आणि तेही सार्वजनिक मालकीचे, ही आपली जुनी भूमिका आहे आणि घटनांनी ती खोटी ठरविलेली नाही. भारत संचार निगमचे सुमारे ६६,००० मनोरे वेगळ्या कंपनीत काढण्याला सप्टेंबर २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हा कर्मचारी संघटनांनी विरोध केला तो याच जाणिवेने. सप्टेंबर २०२५ मध्ये निगमच्या स्वदेशी चौथ्या पिढीच्या जाळ्याचे उद्घाटन झाले. खाजगी कंपन्यांच्या नंतर कितीतरी वर्षांनी का होईना, झाले. तिकडे व्होडाफोन आयडियाची देणी भागात रूपांतरित करून घेतल्यामुळे एप्रिल २०२५ मध्ये सरकारचा तिच्यातील हिस्सा ४९ टक्क्यांच्या घरात गेला. कंपनीचा तोटा वाटून घेण्यापुरता समाजवाद या सरकारला मान्य आहे असे दिसते. मग ज्या कंपनीत सरकार सर्वांत मोठे भागधारक आहे, तिने सोडलेल्या मनोऱ्यांखालच्या जमीनमालकांना किमान वर्षभराची नोटीस मिळावी, हे सरकार सांगू शकत नाही काय?

सार्वजनिक जाळे येईपर्यंत थांबा, असे मात्र मी शेतकऱ्याला सांगणार नाही. दोन्ही बाजूंना सारखीच मुदत व सारखीच नोटीस; दूरसंचार कंपनीकडून मिळणाऱ्या निर्गमन शुल्कात जागामालकाचा ठरावीक वाटा; पाया उखडून जमीन पूर्ववत करण्यासाठी करार होतानाच बँकेत ठेवलेली अनामत; आणि दिवाळखोरीत स्थगिती असली तरी त्या काळातले चालू भाडे देण्याचे बंधन, एवढे नियमांत घालायला घटनादुरुस्ती लागत नाही. मनोऱ्यावरच्या भाडेकरूंची संख्या मालकाला कळविण्याचे बंधन तर एका परिपत्रकाने घालता येईल.

हे मागायचे तर आपल्या हातात कागद हवेत. आज आपल्या जिल्ह्यात असे किती करार आहेत, कोणत्या अटींवर आहेत, किती ठिकाणी भाडे थकले आहे, हे आपल्यापैकी कोणीही सांगू शकणार नाही, कारण प्रत्येक मालक आपला करार कपाटात लपवून ठेवतो आणि शेजाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त मिळते काय या शंकेने झुरतो. कंपनीचे बळ निम्मे या लपवालपवीत आहे. प्रत्येक तालुका शाखेने दिवाळीपर्यंत निदान पंचवीस करारांच्या प्रती जमा कराव्यात. गट क्रमांक, मुदत, भाडे, वाढीची टक्केवारी, नोटिशीची अट आणि शेवटचे भाडे कोणत्या महिन्यात आले, एवढे टिपून घ्यावे. मालकाचे नाव बाहेर जाणार नाही याची हमी द्यावी. आणि फिरताना आणखी एक काम करावे: मनोरा बसवून देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा, असे फोन ज्यांना येतात त्यांना सांगावे की असे पैसे कोणतीही खरी कंपनी मागत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने तशा सूचना वारंवार प्रसिद्ध केल्या आहेत, तरी लोक फसतात. प्रती जमा झाल्या की त्यांचा तक्ता करून तो जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवू. नव्या कायद्याने मार्गाधिकाराचे तंटे त्यांच्याकडेच सोपविले आहेत, तेव्हा पहिली पन्नास निवेदने एकाच दिवशी त्यांच्या टेबलावर जावीत.